घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप नेटवर्कवरून घेणारे कोणी आहेत का इथे?

घाटरस्ता
सोमवार, रात्री १०:५०

घरी एक विंडोज डेस्कटॉप आहे, बायकोचा लॅपटॉप आहे (ती घरूनच काही दुकानांची अकाउंट्स लिहिते, त्यामुळे टॅली) आणि धाकट्या भावाने अमेरिकेला जाताना इथेच टाकलेला जुना मॅक आहे. सगळं मिळून साधारण सव्वा टीबी. निम्म्याहून जास्त फोटो-व्हिडिओ, बाकी घराचे कागद, स्कॅन केलेले फेरफार नि सातबारे, आणि वडिलांच्या कीर्तनांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या फाइल्स, ज्या परत कुठूनही मिळणार नाहीत.

सध्याची पद्धत म्हणजे पोर्टेबल हार्डडिस्क लावायची, कॉपी, पेस्ट, 'या नावाची फाइल आधीच आहे' वर यस टू ऑल, आणि मग पुढचे कित्येक महिने कंटाळा. मला हे काम माणसाच्या हातातूनच काढून घ्यायचंय. रात्री सगळे झोपले की घरच्या नेटवर्कवरून आपोआप होऊन जावं एवढंच. डोक्यात असलेले पर्याय असे, राउटरच्या मागे यूएसबी पोर्ट आहे त्याला डिस्क लावणे, नाहीतर माळ्यावर एक जुना पीसी पडलाय तो उठवणे, नाहीतर दोन डिस्कवाला तयार नॅस (नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) घेणे, नाहीतर सरळ क्लाउड. नॅसची डिस्कसकट किंमत बघून घाम फुटला त्यामुळे कल जुन्या पीसीकडे आहे. मुक्काम डोंबिवली, फायबर आहे, इन्व्हर्टर आहे.

अनुभवासकट सांगा. पेन ड्राइव्हवर घ्या म्हणणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.

भडंग_कमी_तिखट
सोमवार, रात्री १०:५८

पेन ड्राइव्हवर घ्या.

(पळतो)

तारवाला
सोमवार, रात्री ११:३०

डिस्क, नॅस, पीसी हे सगळं नंतर. आधी राउटर उलटा करून बघा पोर्ट किती स्पीडचे आहेत. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त राउटरवर बाहेर मोठ्या अक्षरात ड्युअल बँड लिहिलेलं असतं आणि मागची लॅन पोर्टं मात्र १०० एमबीपीएसचीच असतात. हे मेगाबिट आहेत, मेगाबाइट नाहीत, आठने भागायचं. म्हणजे कागदावर साडेबारा आणि प्रत्यक्षात ११ एमबी सेकंदाला. तुमचे सव्वा टीबी त्यावरून जायला ३१-३२ तास. गिगाबिट पोर्ट असेल तर ११० च्या आसपास मिळतात, म्हणजे साडेतीन तासांच्या आत खेळ खलास. आणि २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर दोन भिंतींपलीकडून केलं तर ४-५ एमबी मिळाले तरी देवाची कृपा, तीन दिवस बसा.

अर्थात हे फक्त पहिल्यांदा. नंतर रोज बदललेलं तेवढंच जातं, ते वायफायवरूनही निभतं. पहिली कॉपी मात्र तारेवरून घ्या किंवा डिस्क काढून सरळ त्या मशीनलाच लावून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आणि तार घ्याल तर आठच्या आठ वायरी जोडलेली घ्या. बिल्डरने भिंतीतून टाकून दिलेल्या केबलला टोकाला चारच वायरी क्रिंप केलेल्या असतात पुष्कळदा. चार वायरींवर १०० चंच लिंक होतं, गिगाबिटला चारही जोड्या लागतात. लोक नवीन राउटर आणतात आणि दोष भिंतीत असतो.

खिडकीतून_बघणारा
मंगळवार, सकाळी ८:१०

राउटरच्या यूएसबीचा विचार सोडून द्या. मी का म्हणतो ते सांगतो. बऱ्याच जुन्या राउटरचं फाइल शेअरिंग फक्त एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइल वाटायची जुनी भाषा) बोलतं. तो प्रोटोकॉल विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटच्या अपडेटपासून नव्या इन्स्टॉलला येतच नाही, आणि त्याला तसंच कारण होतं (वॉनाक्राय हा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, त्याच वर्षी मे महिन्यात त्याच दारातून आला होता). काही राउटर एसएमबी २ बोलतात पण पासवर्डशिवाय गेस्ट म्हणून आत घेतात, आणि विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये साइनिंग (प्रत्येक निरोपावर डिजिटल सही) सक्तीचं झाल्यापासून ते गेस्टवालं कनेक्शनही नाकारलं जातं. मग लोक फोरमवर येऊन विचारतात की काल चालत होतं आज का नाही, आणि कोणीतरी उत्साही माणूस सांगतो एसएमबी १ परत चालू करा. करू नका.

शिवाय काही राउटरना फॅट ३२ च आवडतं. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. लग्नाचा व्हिडिओ गेला ना बाहेर.

माहेरची_डिस्क
मंगळवार, सकाळी ९:४५

मी जरा उलट बोलते. एवढा खटाटोप कशाला? माझ्याकडे दोन पोर्टेबल डिस्क आहेत. एक घरी, एक आईकडे ठाण्याला. आईकडे गेले की घरची तिकडे ठेवते आणि तिकडची घेऊन येते, घरी आल्यावर ती लावून अपडेट करते. वीज नाही, लिनक्स नाही, आयपी अ‍ॅड्रेस नाही, रात्री दोन वाजता कोणी जागं होत नाही. घाटरस्ता यांचा खरा प्रॉब्लेम कंटाळा आहे आणि कंटाळ्यावर नेटवर्क हा उपाय मला तरी पटत नाही. उद्या ते रात्रीचं आपोआप चालणारं बंद पडलं तर कळणार कसं? डिस्क लावली नाही हे निदान मला माहीत असतं.

घाटरस्ता
मंगळवार, सकाळी १०:०२

माहेरची_डिस्क, पटतंय पण माझं सासर नि माहेर दोन्ही डोंबिवलीतच एका गल्लीत आहे :)

चिपळूणकर_निनाद
मंगळवार, दुपारी १:२०

एका गल्लीत चालणार नाही राव. २२ जुलै २०२१ ला आमच्याकडे वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा अख्खी बाजारपेठ पाण्याखाली होती. ओळखीच्या एका फोटोग्राफरकडे सगळ्या लग्नांचे तीन-तीन सेट असायचे, फार शिस्तीचा माणूस, डिस्कवर तारखा घातलेल्या. तिन्ही सेट एकाच दुकानात, वेगवेगळ्या कपाटांत. पाण्याला कपाटं वेगळी असल्याचं काही वाटत नाही. चिखल गेलेल्या डिस्क घेऊन तो पुण्याला डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेला होता, थोडं मिळालं, आणि जो आकडा त्याला सांगितला गेला त्यात दोन नॅस आले असते.

तेव्हा घरातलं मशीन वगैरे ठीकच, एक प्रत गावाबाहेर हवी. तुमच्या डोंबिवलीलाही २००५ च्या २६ जुलैची आठवण असेलच.

पुन्हा_चालू_करून_बघा
मंगळवार, दुपारी ३:०५

हेच ते ३-२-१. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने हे सोपं करून मांडलं आणि मग आयटीवाल्यांनी ते आपलंच म्हणून स्लाइडवर टाकलं.

आणि नॅसमध्ये दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती झाल्या असं कोणी म्हणू नका प्लीज. रेड १ म्हणजे एक डिस्क मेली तर मशीन चालू राहतं इतकंच. तुम्ही फोल्डर डिलीट केलंत तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी तितक्याच निष्ठेने डिलीट होतं.

काळा_चहा
मंगळवार, रात्री ९:३०

सगळे पाणी नि तारांबद्दल बोलताहेत म्हणून जरा दुसरा धोका मांडतो, कारण नेटवर्कवरच्या बॅकअपला तोच जास्त आहे.

सर्वसाधारण घरात काय होतं, नॅस किंवा जुना पीसी आणला की त्यावरचं फोल्डर विंडोजमध्ये झेड ड्राइव्ह म्हणून मॅप करतात, पासवर्ड सेव्ह करतात, आणि रोज रात्री झेडवर कॉपी. छान चालतं. मग एक दिवस कोणीतरी 'इन्व्हॉइस' नावाचं अटॅचमेंट उघडतं आणि रॅन्समवेअर जेवढे ड्राइव्ह दिसतील तेवढे एन्क्रिप्ट करत सुटतं. त्याला सी काय आणि झेड काय. बॅकअपवर लिहायची परवानगी ज्या मशीनकडे आहे त्या मशीनकडे बॅकअप नासवायची परवानगी पण असतेच.

२०१७ च्या जूनअखेरीस नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं असंच केलं. आपल्या जेएनपीटीत त्यांच्या गटाचं जे टर्मिनल आहे तेही बंद पडलं होतं, कंटेनर अडकले होते, पेपरात वाचलं असेल. त्यांच्याकडे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर होते (कोण कर्मचारी, कोणाला कुठे प्रवेश, याची वही समजा) आणि ते सगळे एकमेकांशी सतत सिंक होत असायचे. कल्पना अशी की एक गेला तर बाकीचे आहेतच. सगळे एकदम गेले. वाचला तो एकच, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेलेली होती आणि मशीन नेटवर्कवर नव्हतं. पुढची गंमत ऐका, तिथून इंग्लंडला डेटा पाठवायला लाइन पुरेना, म्हणून माणसाकरवी डिस्क पाठवायची ठरली, तर घानातल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही, मग नायजेरियाच्या विमानतळावर एकाने दुसऱ्याच्या हातात दिली आणि ती लंडनला गेली.

म्हणून म्हणतो घाटरस्ता, तुमचा जुना पीसी जरूर वापरा पण दिशा उलटी ठेवा. विंडोजने जुन्या पीसीवर लिहायचं नाही. जुन्या पीसीने विंडोजवर येऊन वाचून न्यायचं. विंडोजवर एक वेगळा युजर करा, त्याला हव्या त्या फोल्डरवर फक्त वाचायची परवानगी द्या, आणि जुना पीसी त्या युजरने लॉगिन होऊन उचलून नेईल. त्याच्यावर स्वतःचं कुठलंही फोल्डर शेअर केलेलं नसावं. विंडोजला व्हायरस लागला तरी त्याला पलीकडे जायला ड्राइव्हच दिसत नाही. फार तर काय होईल, एका रात्री नासलेल्या फाइल्स उचलल्या जातील, पण आधीच्या तारखांच्या प्रती ठेवल्या असतील तर त्या शाबूत.

भडंग_कमी_तिखट
मंगळवार, रात्री ९:४१

म्हणजे महावितरण आम्हाला आठवड्यातून एकदा ऑफलाइन बॅकअप सेवा देतंय आणि आम्ही उगाच शिव्या घालतो.

माहेरची_डिस्क
मंगळवार, रात्री १०:००

आणि शेवटी डिस्क हातात घेऊन माणूसच गेला ना? माझी केस संपली.

काळा_चहा
मंगळवार, रात्री १०:०६

@माहेरची_डिस्क हा हा, मान्य. तुमची आईकडची डिस्क म्हणजे घानाच आहे. फक्त ती लाइट गेली म्हणून नाही तर ठरवून बंद आहे, त्यामुळे जास्त चांगली.

सह्याद्रीतला_पेंग्विन
बुधवार, सकाळी ७:१५

आता माझा विषय आला. आरसिंक, म्हणजे फाइल्स कॉपी करून दोन जागा जुळवून ठेवणारा प्रोग्रॅम. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ऑस्ट्रेलियात लिहिलं, त्यातला ट्रिजेल म्हणजे सांबा लिहिणारा तोच, म्हणजे लिनक्स आणि विंडोज आज एकमेकांच्या फाइल बघतात त्यामागेही तोच गडी. फाइलचे तुकडे करून त्यांचे चेकसम (तुकड्याची ओळख सांगणारे छोटे आकडे) दोन्हीकडे जुळवायचे आणि फक्त न जुळणारे तुकडे लाइनीवरून पाठवायचे ही त्यातली मुख्य करामत. त्याला लिंक-डेस्ट म्हणून पर्याय आहे, त्याने रोजच्या तारखेचं पूर्ण फोल्डर दिसतं पण न बदललेल्या फाइल्स हार्डलिंक असतात, म्हणजे जागा एकदाच खातात. तीस दिवसांची तीस फोल्डरं आणि जागा सव्वा टीबीपेक्षा थोडीच जास्त. काळा_चहा म्हणतात त्या आधीच्या तारखांच्या प्रती याच.

विंडोजवाल्यांकडे रोबोकॉपी आहे, व्हिस्टापासून आतच असतं. चांगलं आहे पण त्याचं ते मिरर कोणीतरी ब्लॉगवर वाचून लावतं तेव्हा जपा. मिरर म्हणजे इकडे नाही ते तिकडूनही उडवणार. उगमाच्या जागी चुकून रिकामं फोल्डर दिलंत तर बॅकअप पण रिकामा, आणि प्रोग्रॅम म्हणणार काम यशस्वी.

सिंकथिंग, ड्राइव्हचं सिंक वगैरे याच जातीचं. सोयीचं आहे, मीही वापरतो, बॅकअप म्हणून नाही.

तारवाला
बुधवार, सकाळी ८:५०

@पेंग्विन एक दुरुस्ती. घाटरस्ता विंडोजचं शेअर जुन्या पीसीवर माउंट करून आरसिंक लावणार असतील तर तुकडे जुळवायची करामत होणार नाही. दोन्ही बाजू लोकल पाथ दिसल्या की आरसिंक पूर्ण फाइलच कॉपी करतं. ती करामत पलीकडेही आरसिंक चालू असेल, म्हणजे एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवर नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन) वगैरे, तेव्हाची. फोटोंना काही फरक पडत नाही कारण ते बदलत नाहीत. पण २० जीबीची आउटलुकची पीएसटी (सगळ्या मेल साठवणारी एकच फाइल) असेल तर एक मेल आली तरी रोज २० जीबी जाणार आणि हार्डलिंकही होणार नाही, रोज नवी २० जीबी जागा.

सह्याद्रीतला_पेंग्विन
बुधवार, सकाळी ९:०४

बरोबर. अशा फाइल असतील तर रेस्टिक किंवा बोर्ग घ्या, ते फाइलचे तुकडे करून सारखे तुकडे एकदाच साठवतात. एन्क्रिप्शन पण करतात. फक्त पासवर्ड हरवला तर डेटा गेला, मागचं दार ठेवलेलंच नाही.

टंकलेखनिका_सांगली
बुधवार, दुपारी १२:३०

एवढी चर्चा झाली आणि मराठी फाइल नावांबद्दल कोणीच बोललं नाही. माझं डीटीपीचं काम आहे, सगळ्या फाइल्सना मराठीत नावं देते, त्यामुळे हे नीट माहीत झालंय.

पहिलं म्हणजे लांबी. विंडोजवर फाइलच्या नावात २५५ अक्षरं चालतात. लिनक्सवर (म्हणजे बहुतेक नॅसवर सुद्धा) २५५ बाइट चालतात. इंग्रजी अक्षर एक बाइट, देवनागरी प्रत्येक चिन्ह तीन बाइट, आणि मात्रा, अनुस्वार, पाय मोडका हे सगळे वेगवेगळे धरतात. 'स्त्री' एवढं लिहिलं की १८ बाइट गेले. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपवायचं. 'श्री ज्ञानेश्वर माध्यमिक विद्यालय वार्षिक स्नेहसंमेलन निमंत्रण पत्रिका अंतिम दुरुस्तीसह नवीन अंतिम' असलं नाव विंडोजवर मजेत नांदतं आणि बॅकअपला एरर देतं. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवरच्या एन्क्रिप्टेड शेअर्ड फोल्डरला तर मर्यादा अजून कमी, १४३ बाइट, म्हणजे आपली ४७ चिन्हं.

दुसरं मॅकवाल्यांसाठी, आणि घाटरस्तांकडे जुना मॅक आहे म्हणून मुद्दाम. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावातली जोड अक्षरं फोडून ठेवते. आपल्या बाबतीत ते ऱ ला लागतं, म्हणजे दऱ्या, गोऱ्हे, कऱ्हाड यातला. तो मॅकवर र अधिक नुक्ता असा साठवला जातो आणि विंडोज-लिनक्सवर एकच चिन्ह म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मॅकवरून तिकडे बॅकअप घेतला की एकाच नावाची दोन फोल्डरं दिसायला लागतात, 'कऱ्हाड लग्न' आणि 'कऱ्हाड लग्न', आणि माणूस त्यातलं एक डिलीट करतो. करण्याआधी आत बघा म्हणजे झालं.

सह्याद्रीतला_पेंग्विन
बुधवार, दुपारी १२:४८

ताई _/\_ हे कुठेच लिहिलेलं नसतं. आरसिंकला आयकॉन्व्ह नावाचा पर्याय आहे, मॅकच्या बाजूला यूटीएफ-८-मॅक सांगायचं आणि पलीकडे साधं यूटीएफ-८, मग ऱ परत जुळतो. पण त्याला आरसिंक ३ हवं. मॅकसोबत वर्षानुवर्षं २.६.९ च येत होतं त्यामुळे नवीन वेगळं टाकावं लागेल.

टंकलेखनिका_सांगली
बुधवार, दुपारी १:१५

अजून एक, अवांतर होईल पण राहवत नाही. युनिकोडच्या आधीच्या फाइल्स कोणाकडे असतील, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या काळातल्या, तर फाइलसोबत फॉन्टही बॅकअपमध्ये घ्या. २००३ ची पत्रिका बिट न् बिट सुरक्षित राहते आणि उघडली की नुसती गिचमीड दिसते. विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर कोणी बॅकअपला लावत नाही, कारण तो 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये नाही.

चिपळूणकर_निनाद
बुधवार, दुपारी १:३०

ताई तुमच्या सांगलीतलं २०१९ चं काय? कृष्णेने सोडलं का मशीन?

टंकलेखनिका_सांगली
बुधवार, दुपारी १:४४

आम्ही दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे मशीनला काही नाही झालं, पण किती दिवस घरी जाता येत नव्हतं त्याचा हिशोब नाही. दिवाळीअंकाचं काम अडकलेलं. क्लाउडवर प्रत होती म्हणून मिरजेत बहिणीकडे बसून पुढचं केलं. घरातला बॅकअप अगदी ठणठणीत होता आणि मधे पाणी. तेव्हापासून मी क्लाउडविरोधकांशी वाद घालत नाही, फक्त हसते.

रात्रपाळी_न्यूजर्सी
बुधवार, संध्याकाळी ७:२०

क्लाउडचं इकडून सांगतो. डाउनलोडला चिकार स्पीड आणि अपलोड चिमूटभर, केबलचं इंटरनेट असलं की असंच. भारतात फायबरवर दोन्हीकडे सारखा स्पीड मिळतो बऱ्याच प्लॅनमध्ये, तुम्ही लोक या बाबतीत सुखी आहात. ५० एमबीपीएस अपलोड धरलं तर सव्वा टीबी जायला साधारण अडीच दिवस सलग. प्लॅनची महिन्याची मर्यादा मात्र बघा, ३३०० जीबी असते पुष्कळांची, त्यात पहिला अपलोड बसतो पण त्याच महिन्यात घरचे सिनेमे पण बघणार असतात.

आणि सगळंच का चढवायचं? कीर्तनं, घराचे कागद, निवडक फोटो, हे २००-३०० जीबी क्लाउडला. बाकी घरी. गुगल फोटोजचं अमर्याद फुकट १ जून २०२१ ला संपलं त्यानंतर मी हाच हिशोब लावला. चढवण्याआधी रेस्टिकने एन्क्रिप्ट करा, सातबारे आहेत तुमचे.

रात्रपाळी_न्यूजर्सी
बुधवार, संध्याकाळी ७:२६

अजून एक. कोणी म्हणेल की घरचं मशीन इंटरनेटला उघडं ठेवा, बाहेरूनही बॅकअप होईल. राउटरवर पोर्ट उघडून नॅस बाहेर काढू नका. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने असेच उघडे असलेले क्यूनॅपचे नॅस एन्क्रिप्ट केले होते, त्याच्या आदल्या वर्षी माय बुक लाइव्ह ही नेटवर्कवरची डिस्क वापरणाऱ्यांच्या डिस्क बाहेरून पुसल्या गेल्या. तसंही भारतात बऱ्याच कंपन्या सीजीनॅटच्या मागे ठेवतात, स्वतःचा पब्लिक आयपी नसतोच, त्यामुळे उघडायला गेलात तरी जमायचं नाही. गरजच पडली तर टेलस्केल (आपल्याच मशीन्सना जोडणारं खासगी व्हीपीएन) टाका.

हिशोबी_अंकल
बुधवार, रात्री ८:५५

विजेचं कोणी धरलंच नाही. जुना डेस्कटॉप नुसता बसला तरी ६० वॅट खातो. २४ तास म्हणजे दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३. दहा रुपये युनिट धरा, स्लॅबप्रमाणे कमीजास्त. वर्षाचे पाच हजार. दोन डिस्कचा नॅस १५-२० वॅटमध्ये भागतो. म्हणजे जुना पीसी फुकट पडला असं जे सगळे समजतात ते तीन-चार वर्षांत फुकट राहत नाही.

काळा_चहा
बुधवार, रात्री ९:२०

अंकल, २४ तास चालू ठेवायचाच नाही. बायॉसमध्ये आरटीसी अलार्म असतो, रात्री २ ला मशीन स्वतः चालू होतं, काम करतं, स्क्रिप्टच्या शेवटी स्वतःला बंद करतं. रोज तीन तास धरले तरी महिन्याला साडेपाच युनिट. आणि उरलेले २१ तास ते बंद, म्हणजे घाना. जुन्या बोर्डवरचा सीआर २०३२ सेल आधी बदला, तो मेलेला असेल तर घड्याळ मागे जातं आणि मशीन भलत्याच वेळी उठतं नाहीतर उठतच नाही.

माहेरची_डिस्क
बुधवार, रात्री ९:३५

पण मी पहिल्याच दिवशी विचारलेलं अजून कोणी सांगितलं नाही. ते उठलंच नाही तर कळणार कसं?

पुन्हा_चालू_करून_बघा
बुधवार, रात्री १०:१०

रास्त प्रश्न आहे आणि भल्याभल्यांचा इथेच पोपट होतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस उडवला, तेव्हा बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या पद्धती लावलेल्या होत्या आणि वेळेला त्यातली एकही धड चालत नव्हती. एकीच्या फाइल्सच तयार होत नव्हत्या आणि ते सांगणारे ईमेल वाटेत नाकारले जात होते. शेवटी कोणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट मिळाला. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीर केलं हे मोठं.

त्यामुळे एरर आली तर मेल पाठव असं ठेवू नका. काम झालं तर मेसेज पाठव असं ठेवा. टेलिग्रामच्या बॉटने दोन ओळींत होतं, किती फाइल नव्या, किती एमबी, डिस्कवर जागा किती उरली. सकाळी मेसेज आला नाही म्हणजे गडबड. शिवाय महिन्यातून एकदा कुठलीतरी फाइल बॅकअपमधून काढून उघडून बघायची, फक्त यादीत दिसते एवढ्यावर समाधान नाही मानायचं.

माहेरची_डिस्क
बुधवार, रात्री १०:१८

हं. हे मात्र आवडलं. मेसेज न येणं हाच निरोप.

कट्टा_नंबर_तीन
गुरुवार, सकाळी ११:००

धागा वाचून नॅस घ्यायला निघालो होतो, आता पेन ड्राइव्ह घेऊन परत येतोय. वाचनखूण साठवली आहे.

घाटरस्ता
रविवार, रात्री ११:१५

सगळ्यांना धन्यवाद, शनिवार-रविवार यातच गेला. काय झालं ते लिहितो.

जुना पीसी खाली काढला, सेल बदलला, एक नवी ४ टीबी डिस्क घातली, त्यावर डेबियन लिनक्स टाकलं. राउटरची पोर्टं तारवाला म्हणाले तशी १०० चीच निघाली. राउटर बदलला नाही, पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच आणून डेस्कटॉप आणि हा पीसी त्याला जोडले, त्यांच्यातला डेटा आता राउटरपर्यंत जातच नाही. १०५ ते ११२ एमबी मिळतंय.

डेस्कटॉपवर फक्त वाचायची परवानगी असलेला युजर केला आणि जुना पीसी येऊन उचलून नेतो. आरसिंक आणि हार्डलिंक, तीस दिवस. मॅकचा बॅकअप एसएसएचवरून, नवं आरसिंक टाकून. टंकलेखनिका ताईंचं खरं निघालं, 'दौऱ्यावरचे अभंग' दोनदा दिसत होतं, आयकॉन्व्ह लावल्यावर एक झालं. मेसेज टेलिग्रामवर येतो. कीर्तनं आणि कागद रेस्टिकने एन्क्रिप्ट करून क्लाउडला चढताहेत, आत्ता निम्म्यावर आलंय. त्याचा पासवर्ड भावाकडे पण देऊन ठेवला. नाशिकच्या आत्याकडे एक डिस्क ठेवायची बोलणी चालू आहेत, ती म्हणते पेढे आणलेस तरच.

अडलेलं एकच. बायकोचा लॅपटॉप. रात्री २ ला तो झाकण लावून झोपलेला असतो, तर उचलणार काय? आणि संध्याकाळी चालू असताना घ्यावं तर टॅली उघडी, त्या फाइल्स लॉक्ड म्हणून आरसिंक सोडून देतं.

तारवाला
रविवार, रात्री ११:४०

झोपलेल्या लॅपटॉपला वायफायवरून उठवण्याच्या नादी लागू नका, दहात एक चालतो. वेळ लॅपटॉपप्रमाणे बदला. त्या जेवायला उठतात तेव्हा लॅपटॉप चालूच असतो ना? ९ ला दुसरा अलार्म... थांबा, बायॉसमध्ये अलार्म एकच लागतो. पण लिनक्समधून आरटीसी-वेक म्हणून कमांड आहे, बंद होताना पुढच्या उठण्याची वेळ सांगता येते. रात्री २ चं काम संपलं की ९ ची लावायची आणि ९ चं संपलं की २ ची.

हिशोबी_अंकल
सोमवार, सकाळी ७:००

टॅलीचं वेगळं सांगतो. उघड्या टॅलीचा डेटा फोल्डर उचलून नेला तर अर्धवट लिहिलेल्या फाइल्स येण्याची शक्यता असते, मग रिस्टोअर करताना कंपनी उघडत नाही. टॅलीत स्वतःचा बॅकअप आहे, तो एका झिपसारख्या फाइलमध्ये निघतो. वहिनींना सांगा काम संपलं की टॅलीतूनच बॅकअप वेगळ्या फोल्डरला काढायचा, आणि तुमच्या पीसीला ते फोल्डर दाखवा, मूळ डेटा फोल्डर नको. लॉकची भानगडच येत नाही. शॅडो कॉपीने (विंडोजची उघड्या फाइलचीही प्रत घ्यायची सोय) पण होतं पण ते वाचून नेणाऱ्या युजरला जमवणं किचकट आहे.

घाटरस्ता
सोमवार, सकाळी ७:३५

अंकल, हे तिला वाचून दाखवलं. म्हणाली ती तसा बॅकअप रोज काढतेच, पेन ड्राइव्हवर.

भडंग_कमी_तिखट
सोमवार, सकाळी ७:३६

वहिनींना सभासद करून घ्या.